रस्ता वळणावर एका बाजूला का झुकवतात? उसाची ट्रॉली आणि कार, दोघांचं गणित समजून घ्या

पाटसहून बारामती, इंदापूरमार्गे जाणारा संत तुकाराम महाराज पालखी मार्ग म्हणजे राष्ट्रीय महामार्ग ९६५ जी. या पट्ट्यात आषाढीत वारकरी चालतात, गाळप हंगामात उसाच्या ट्रॉल्या जातात आणि वर्षभर कार धावतात. डोळ्यांना सपाट वाटणारा रस्ता प्रत्यक्षात मुद्दाम उतरता बांधलेला असतो. तो का, ते पाहू.

सरळ रस्त्याला उतार कशाला?

पाणी वाहून जाण्यासाठी. दुपदरी रस्त्याचा मध्यभाग उंच आणि कडा खाली ठेवतात. याला 'कॅम्बर' म्हणतात. भारतीय रस्ते काँग्रेसच्या (आयआरसी) मानकांनुसार डांबरी रस्त्याला साधारण १.७ ते २.५ टक्के उतार देतात. म्हणजे ७ मीटर रुंद रस्त्याचा मध्य कडेपेक्षा ६ ते ९ सेंटीमीटर उंच. पाणी साचलं तर टायरची पकड सुटते, मुरलं तर खड्डे पडतात. खाली काळी माती असेल तर धोका वाढतो. ती ओली झाली की फुगते, वाळली की भेगाळते. म्हणूनच साइडपट्टी रस्त्यापेक्षा उंच होऊ देऊ नये. पाणी तिथेच अडतं.

वळणावर काय बदलतं?

वळणावर गाडी बाहेरच्या बाजूला ओढली जाते. वेग दुप्पट झाला की ओढ चौपट. ती तोलण्यासाठी बाहेरची कड उचलून पूर्ण रस्ता आत झुकवतात. हे 'सुपरएलिव्हेशन'. सायकलस्वार वळताना आत झुकतो, तसंच.

मग उतार आणखी का वाढवत नाहीत?

ट्रॉलीसाठी. उंच भरलेली ट्रॉली हळू जाते. तिला बाहेरची ओढ फारशी नसते, त्यामुळे जास्त उतारावर ती आतल्या बाजूला कलंडू शकते. म्हणून सपाट भागात मर्यादा ७ टक्के आहे. ७ मीटर रस्त्याला बाहेरची कड जास्तीत जास्त ४९ सेंटीमीटर वर. शिवाय मिश्र वाहतुकीसाठी हा उतार काढताना रस्त्याच्या ठरवलेल्या वेगाच्या ७५ टक्केच वेग धरतात. उरलेली ओढ टायर आणि रस्ता यांच्यातलं घर्षण पेलतं.

चालकाने काय लक्षात ठेवावं?

पावसात हेच घर्षण कमी होतं. त्यात सरळ रस्त्याचा उतार वळणाच्या उतारात बदलतो, तिथे बाहेरची बाजू काही अंतर जवळपास सपाट असते. पाणी तिथे रेंगाळतं. म्हणून वेग वळणात शिरण्याआधीच कमी करा आणि वळणावर ट्रॉलीला ओव्हरटेक करू नका. उतार तिला सांभाळून दिलेला आहे; तुमची गाडी सांभाळायची तर वेग तुम्हालाच कमी करावा लागेल.