प्रवराकाठी गाडलेलं तांबं

समुद्रकिनाऱ्यावर मेटल डिटेक्टर घेऊन फिरणाऱ्यांना ताज्या वाळूची धास्ती असते. नाण्याएवढी वस्तू वीत-दीड वीत खोल असेल तोवर यंत्र बोलतं. वर आणखी हातभर वाळू साचली की ते गप्प. मग एखादं वादळ येऊन किनारा खरवडून निघेपर्यंत थांबायचं. अहिल्यानगर जिल्ह्यात वस्तू गाडण्याचं हे काम प्रवरेच्या गाळाने आणि वस्तीवर चढत गेलेल्या वस्तीने केलं. त्यात इथल्या काळ्या मातीत मॅग्नेटाइटचे कण भरपूर, त्यामुळे यंत्र उगाचच ओरडतं. या जिल्ह्यातलं सर्वांत मोलाचं तांबं सापडलं ते कुदळीने, आणि कोण कशी कुदळ चालवतो यावर पुढचं सगळं ठरलं.

संगमनेरजवळच्या जोर्वे गावी १९५०-५१ मध्ये डॉ. ह. धी. सांकलिया आणि शां. भा. देव यांनी उत्खनन केलं. तांब्याच्या चपट्या कुऱ्हाडी मिळाल्या, आणि लाल खापरावरच्या काळ्या नक्षीने एका संस्कृतीला या गावाचं नाव दिलं. पाठोपाठ १९५४ ते ५६ मध्ये नेवासे. तिथे एका बालकाच्या दफनात गळ्यातले तांब्याचे मणी मिळाले आणि ते ज्यात ओवले होते त्या रेशीम-सुताच्या धाग्याचे अवशेषही. तांब्याच्या गंजाने धागा टिकवला होता. डिटेक्टरने मणी नक्की दाखवले असते. पण घाईने उपसणाऱ्या हातात तो धागा राहिला नसता. मला या जिल्ह्याच्या उत्खननांतला सर्वांत मोठा धडा इथेच दिसतो.

श्रीरामपूर तालुक्यातलं दायमाबाद १९५८ मध्ये बोपर्डीकरांनी शोधलं. म. न. देशपांडे यांनी लगेच पहिलं उत्खनन केलं. इथल्या वस्तीचे थर सुमारे पाच मीटर जाडीचे, तळाला सावळदा संस्कृतीचे आणि सर्वांत वर जोर्वे संस्कृतीचे. उत्खननाची दुसरी फेरी सुरू होण्याआधीच, १९७४ साली, छबू लक्ष्मण भिल यांना झाडाचं मूळ खणताना चार कांस्यवस्तू लागल्या: हत्ती, गेंडा, रेडा आणि बैलांचा रथ. एकूण वजन साठ किलोहून जास्त. रथ ४५ सेंटिमीटर लांब, त्यात १६ सेंटिमीटर उंचीचा माणूस उभा आणि पुढे दांडीवर एक कुत्रा. तो कुत्रा ज्याने घडवला त्याने गाडीबरोबर धावणारी कुत्री रोज पाहिली असणार.

पुढे एस. आर. राव आणि मग १९७५ ते ७९ एस. ए. साळी यांनी दायमाबादचं टेकाड पद्धतशीर खणलं. मूर्ती मात्र त्याआधीच मातीबाहेर आलेल्या. देशपांडे, राव, साळी, ढवळीकर या पुरातत्त्वज्ञांनी त्या उत्तर-हडप्पा काळातल्या, म्हणजे सुमारे चार हजार वर्षांपूर्वीच्या मानल्या. डी. पी. अग्रवाल यांनी धातूतल्या एक टक्क्याहून जास्त आर्सेनिककडे बोट दाखवून त्या बऱ्याच नंतरच्या असाव्यात असं म्हटलं. वाद मिटलेला नाही. यात खणणाऱ्याचा दोष नाही. झाडाचं मूळ खणणाऱ्याने थर मोजावेत अशी अपेक्षाच कोणी करू नये. पण थर निसटला की एवढ्या मोठ्या ठेव्याचंही वय पुरतं सांगता येत नाही.

गेल्या काही दशकांत जिल्ह्यातल्या नद्यांची वाळू पोकलेनने उपसली गेली. किनाऱ्यावर वादळ जे करतं ते इथे यंत्रांनी केलं, फरक इतकाच की इथे कोणी पाहायला थांबलं नाही.

१८७८ चा निखात निधी कायदा आजही लागू आहे. सापडलेल्या ठेव्याची खबर जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते, आणि शोधणाऱ्याचा हक्कही त्याच कायद्यात आहे. नांगराला, विहिरीच्या खोदकामात काही लागलं तर ते उचलू नका, घासूनपुसून चकचकीत तर मुळीच करू नका. जागच्या जागी, मातीसकट राहू द्या, फोटो काढा आणि तहसील कार्यालयात कळवा.