चित्राआधी अर्थिंग

नगर जिल्ह्यात आता पडद्याशिवाय मोठा कार्यक्रम उभा राहत नाही. गंगागिरी महाराजांच्या परंपरेतला सरला बेटाचा अखंड हरिनाम सप्ताह दरवर्षी श्रावणात नव्या गावी भरतो, लाखोंनी माणसे लोटतात आणि मंडपाच्या शेवटच्या टोकाला बसलेल्या माळकऱ्याला कीर्तनकार दिसतात ते एलईडी पडद्यावरच. यात्रा, कारखान्यांच्या वार्षिक सभा, लॉन्सवरची लग्ने, सगळीकडे तो पोचला आहे. पडदा सगळ्यांना दिसतो. त्यामागचा जेमतेम पावणेदोन-साडेतीन इंच उंचीचा व्हिडिओ प्रोसेसर आणि जमिनीत ठोकलेली अर्थिंगची सळई मात्र कुणी विचारत नाही. कार्यक्रम तरतो की बुडतो, हे तिथेच ठरते.

शिर्डीपासून सुरुवात करावी. करोनामुळे १७ मार्च २०२० ला साईमंदिर बंद झाले, ते १६ नोव्हेंबरला पाडव्याच्या दिवशी उघडले. मधले आठ महिने भाविकांना समाधीचे दर्शन घडले ते ऑनलाइनच. काकड आरतीपासून शेजारतीपर्यंत चालणाऱ्या अशा प्रक्षेपणात यंत्र थांबून चालत नाही. त्यासाठी थंड, धूळमुक्त खोली लागते, रॅकमध्ये हवा खेळायला जागा लागते आणि युपीएसही लागतो. महत्त्वाच्या यंत्राला दोन वेगळ्या लाइनींवरून वीज दिलेली बरी.

केबलची निवडही अंतर बघून करावी लागते. एचडीएमआय दहा-पंधरा मीटरच्या पुढे भरवशाची राहत नाही. एसडीआय शंभर मीटरच्या आसपास साथ देते. त्यापुढे ऑप्टिकल फायबर. काचेतून वीज वाहत नाही, हा फायबरचा दुसरा मोठा गुण. दोन इमारतींच्या अर्थिंगमध्ये फरक असला की तांब्याच्या केबलमधून तो प्रवाह बनून धावतो. चित्रावर आडवे पट्टे सरकू लागतात, आणि फरक फार असेल तर यंत्राचा पोर्टच जळतो.

तात्पुरत्या पडद्याचे काम अशा कायमच्या व्यवस्थेहून अवघड आहे, कारण तो दुपारी उभा राहतो आणि पहाटे ट्रकमध्ये चढतो. पाच मीटर रुंद, तीन मीटर उंच भिंत घेऊ. अर्धा मीटर लांब-रुंद अशा ६० कॅबिनेटची ती बनते. ३.९१ मिलिमीटर पिचच्या, म्हणजे दोन ठिपक्यांमध्ये तेवढे अंतर असलेल्या, एका कॅबिनेटमध्ये १२८ गुणिले १२८ ठिपके, म्हणजे पूर्ण भिंत १२८० गुणिले ७६८ ठिपक्यांची. कॅमेऱ्याचे चित्र मात्र १९२० गुणिले १०८०. ते मापात बसवण्याचे काम प्रोसेसरचे. ते नीट केले नाही, तर एक तर चित्राचा डावा वरचा तुकडाच दिसतो किंवा चित्र दाबले जाऊन महाराज उगाच किडकिडीत दिसतात. त्यात एका गिगाबिट पोर्टमधून साधारण साडेसहा लाख ठिपके जातात. इथे ९ लाख ८३ हजार आहेत, म्हणून दोन पोर्ट लागतातच. जाणता ऑपरेटर आणखी एक केबल उलट्या टोकाने जोडून लूप पूर्ण करतो. मग मधली एखादी वायर निसटली तरी पडदा काळा पडत नाही.

आता विजेचा हिशेब. बाहेरच्या वापराचे कॅबिनेट पूर्ण पांढऱ्या चित्रावर २०० वॉटपर्यंत खाते असे धरले, तर भिंतीला १२ किलोवॉट लागतात. एवढा भार एकाच फेजवर टाकला तर पन्नास अँपिअरच्या वर जातो. तो तिन्ही फेजवर वाटावा लागतो. १६ अँपिअरच्या एका लाइनीवर चौदा-पंधरापेक्षा जास्त कॅबिनेट ओवू नयेत. आणि सगळी एका झटक्यात चालू करू नयेत. चालू होताना ती क्षणभर कितीतरी जास्त करंट ओढतात.

जनरेटरपाशी मल्टिमीटर लावून उभा राहिलेला वायरमन हा या सगळ्यातला सर्वांत मोलाचा माणूस. फेज आणि न्यूट्रलमध्ये २३० व्होल्ट आहेत का, फेज आणि अर्थमध्येही तेवढेच आहेत का, न्यूट्रल आणि अर्थमध्ये दोन-तीन व्होल्टच्या वर तर काही नाही ना, हे तपासल्याशिवाय तो मेन स्विचला हात लावू देत नाही. तीन फेजच्या जोडणीत न्यूट्रल सुटला की २३० च्या जागी कुठे ३५०, कुठे ४०० व्होल्ट पोचतात. प्रोसेसर, स्विचर, लॅपटॉप सगळे एका मिनिटात संपते. यंत्र जळले तर नुकसान पैशाचे. पडद्याच्या सांगाड्याला, म्हणजे ट्रसला, हात लावून उभ्या पोराचा जीव वाचवायला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे गळती होताच वीज तोडणारा स्विच हवा, आणि त्याचे टेस्ट बटण दाबून बघितलेले हवे.

अर्थिंगच्या बाबतीत नगर जिल्हा एकसारखा नाही. राहाता, श्रीरामपूर, कोपरगावच्या कालव्याखालच्या काळ्या जमिनीत ओल असते आणि सळई चांगली धरते. पाथर्डी, जामखेड, पारनेरच्या मुरमाड जिरायत माळावर चैत्र-वैशाखात तीच सळई नावापुरती उरते. तिथे खोल ठोकणे, दोन-तीन सळया अंतरावर लावून जोडणे, मिठाचे पाणी ओतत राहणे, आणि मग अर्थ टेस्टरने मोजणे, एवढे सोपस्कार करावेच लागतात. जामखेड तालुक्यातल्या चौंडीला अहिल्यादेवींची जयंती ३१ मे रोजी असते, म्हणजे जमीन सर्वांत कोरडी असते तेव्हाच. २०२५ मध्ये तर त्रिशताब्दी होती.

याच दिवसांत वळवाचा पाऊस येतो. १३ मे २०२४ ला घाटकोपरमध्ये वादळात अवाढव्य होर्डिंग कोसळून १७ माणसे गेली. आपली पंधरा चौरस मीटरची भिंत त्यापुढे लहान, पण ताशी ७२ किलोमीटरच्या वाऱ्यात तिच्यावरही साडेतीनशे किलोच्या वर जोर येतो. पाण्याच्या टाक्या किंवा वाळूची पोती, मागचे ताण, आणि वारा वाढला की पडदा खाली घेण्याचा अधिकार कुणाकडे आहे हे आधी ठरलेले असावे. संयोजकांना हे नको असते. तरी त्यांनी ऐकलेच पाहिजे.

प्रोसेसरला पावसापासून वाचवायला प्लॅस्टिक गुंडाळण्याची सवयही घातक आहे, कारण आतली गरम हवा कोंडते. त्यापेक्षा वरून ताडपत्रीचे छप्पर द्यावे, बाजू मोकळ्या ठेवाव्यात.

महावितरण दर गणेशोत्सवात मंडळांना अधिकृत तात्पुरती जोडणी घ्या, परवानाधारक ठेकेदाराकडून वायरिंग करून घ्या, असे सांगते. सप्ताह समित्यांनी आणि यात्रा कमिट्यांनी पडद्याचे भाडे ठरवताना असेच एक कलम लेखी घालावे: अर्थचे मोजमाप कागदावर, आरसीसीबीची चाचणी सर्वांदेखत, आणि कार्यक्रम संपेपर्यंत जनरेटरपाशी एक माणूस, ज्याची मजुरी पडद्याच्या भाड्यातून कापली जाणार नाही.