खुराक, शिष्यवृत्ती की पगार?

६ जून २०२५ रोजी अमेरिकेतल्या क्लॉडिया विल्कन या न्यायाधीशांनी एका तडजोडीला मंजुरी दिली. ग्रँट हाऊस या जलतरणपटूच्या नावाने ओळखला जाणारा हा खटला होता. या मंजुरीमुळे तिथल्या विद्यापीठांना आपल्या खेळाडू-विद्यार्थ्यांना थेट पैसे देण्याची मुभा पहिल्यांदाच मिळाली. पहिल्या वर्षी एका विद्यापीठाने जास्तीत जास्त सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर वाटायचे, आणि आधीच्या खेळाडूंना भरपाई म्हणून दहा वर्षांत सुमारे २८० कोटी डॉलर द्यायचे, असं ठरलं.

आमच्या परदेशीपुऱ्यात ही बातमी सांगितली की दोन प्रकारची उत्तरं येतात. मोठी माणसं विचारतात, "कॉलेजात शिकायला जाता की कमवायला?" आणि रोज मैदानावर जाणारी पोरं हसतात, "भिया, आपल्याला बुटांचे पैसे मिळाले तरी पुष्कळ झालं."

दोन्ही उत्तरांत एक गोष्ट राहून जाते. कॉलेजचा चांगला खेळाडू अगदी फुकट असा फारसा कधी खेळलाच नाही. त्याला काहीतरी मिळतच होतं, फक्त त्याला पगार म्हणायचं नाही असा रिवाज होता. कधी त्याला खुराक म्हणायचे, कधी इनाम, कधी फी-माफी, कधी शिष्यवृत्ती, कधी नोकरी. म्हणून पैसे द्यावेत की नाही यापेक्षा, जे दिलं जातं त्याला कुठलं नाव द्यायचं आणि त्या नावाबरोबर कोणता हक्क येतो, हा मला खरा प्रश्न वाटतो. साहित्याची विद्यार्थिनी असल्यामुळे मला शब्दांवर संशय घ्यायची सवय आहे, असं समजा हवं तर!

एका शब्दाची करामत

अमेरिकेत कॉलेजच्या खेळांचा कारभार एनसीएए ही संस्था पाहते. १९५५ मध्ये कोलोरॅडोतल्या एका कॉलेजचा रे डेनिसन हा फुटबॉल खेळाडू सामन्यात डोक्याला मार लागून वारला. त्याच्या बायकोने कामगार नुकसानभरपाई मागितली. १९५७ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ती नाकारली, कारण न्यायालयाच्या मते तो कॉलेजचा कामगार नव्हता.

त्याच काळात 'विद्यार्थी-खेळाडू' हा जोडशब्द रूढ करण्यात आला. एनसीएएचे तेव्हाचे कार्यकारी संचालक वॉल्टर बायर्स यांनी पुढे आपल्या पुस्तकात स्वतःच लिहिलं, की खेळाडूला नोकर ठरवलं जाण्याच्या धोक्यावर उपाय म्हणून हा शब्द आणला होता. शब्द ऐकायला किती छान, नाही का? पण तो लावला की विमा, भरपाई, किमान वेतन हे सगळं दाराबाहेर राहतं.

पुढची साठ वर्षं हा शब्द टिकला आणि खेळ मात्र प्रचंड मोठा धंदा झाला. आज कॉलेज बास्केटबॉलच्या एका वार्षिक स्पर्धेच्या प्रक्षेपणातून वर्षाला शंभर कोटी डॉलरहून जास्त रक्कम येते. प्रशिक्षकांचे पगार कोटींत गेले आणि खेळाडूला मिळत राहिली शिष्यवृत्ती. शेवटी २१ जून २०२१ रोजी ऑल्स्टन खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने नऊ विरुद्ध शून्य मतांनी सांगितलं, की शिक्षणाशी निगडित लाभांवर एनसीएएला अशी मर्यादा घालता येणार नाही. त्यानंतर दहाच दिवसांत, १ जुलै २०२१ पासून, खेळाडूंना आपलं नाव, चेहरा आणि ओळख वापरू देण्याचे पैसे घेता येऊ लागले.

नियम केला की फट निघते

इथून नियमनाची खरी डोकेदुखी सुरू होते. जाहिरातीचे पैसे चालतील, पण खेळण्याचे चालणार नाहीत, असा नियम झाला. मग विद्यापीठांच्या श्रीमंत चाहत्यांनी मंडळं काढली आणि 'जाहिराती'च्या नावाखाली खेळाडूंना पैसे देणं सुरू केलं. खेळाडूने एखादी सही करायची, एखादा फोटो टाकायचा, की लाखो डॉलर खात्यात! ही जाहिरात म्हणायची की पगार?

म्हणून आता ६०० डॉलरच्या वरचा बाहेरचा प्रत्येक करार तपासायला पाठवावा लागतो. करार 'वाजवी' आहे का, हे तिथे ठरतं. पण वाजवी म्हणजे किती? एकोणीस वर्षांच्या मुलाच्या चेहऱ्याचा बाजारभाव कुणी ठरवायचा? आणि मर्यादा घालणारी बाजू सगळी विद्यापीठं मिळून बनलेली असेल, तर 'मालकांनी एकत्र येऊन मजुरी दाबली' असा खटला पुन्हा उभा राहू शकतो.

दुसरी अडचण वाटणीची. मागच्या भरपाईचा बहुतेक वाटा पुरुषांच्या फुटबॉल आणि बास्केटबॉलकडे जातो, कारण कमाई तिथली जास्त. पण अमेरिकेत शिक्षणात स्त्री-पुरुष भेद करू नये असा १९७२ चा कायदा आहे. त्याच आधारावर काही महिला खेळाडूंनी अपील केलं. कमाईप्रमाणे वाटलं तर मुलींवर अन्याय होतो, आणि सारखं वाटलं तर कमावणारा म्हणतो की माझ्यावर अन्याय झाला.

तिसरी अडचण पुन्हा त्या शब्दाचीच. मार्च २०२४ मध्ये डार्टमथ कॉलेजच्या बास्केटबॉल संघाने १३ विरुद्ध २ मतांनी कामगार संघटना स्थापन करण्याचा कौल दिला. कॉलेजने विरोध केला आणि वर्षअखेर खेळाडूंनी अर्ज मागे घेतला. म्हणजे पैसे मिळाले, पण 'कामगार' हा शब्द अजून मिळालेला नाही.

आपल्या इंदूरचा धडा

आता घराजवळ येऊ. पैसे न म्हणता पैसे देण्याची कला इंदूरला नवी नाही. १९२३ मध्ये सी. के. नायडू होळकर महाराजांच्या बोलावण्यावरून नागपूरहून इंदूरला आले आणि त्यांना होळकरांच्या लष्करात कॅप्टनचा हुद्दा मिळाला. पगार सैन्याचा आणि काम क्रिकेटचं. त्या आधारावर उभ्या राहिलेल्या होळकर संघाने १९४५-४६, १९४७-४८, १९५०-५१ आणि १९५२-५३ असा चार वेळा रणजी करंडक जिंकला. खेळाडूला नोकरी देऊन सांभाळायची ही रीत पुढे रेल्वे, पोलीस आणि बँकांनी चालवली. तिच्यात एक मोठा गुण होता. हुद्दा कागदावर असायचा, त्यामुळे खेळ संपला तरी माणूस रस्त्यावर येत नसे.

तोंडी वचनाचं काय होतं, तेही इंदूरच्याच एका किश्शात आहे. महायुद्धाच्या काळात इंग्लंडचा फलंदाज डेनिस कॉम्प्टन सैन्यातून महूला आला होता. मार्च १९४५ च्या रणजी अंतिम सामन्यात तो मुंबईविरुद्ध होळकर संघाकडून खेळला आणि नाबाद २४९ धावा काढल्या. होळकर संघ तरीही हरला. किस्सा असा सांगतात, की एका श्रीमंत व्यापाऱ्याने शंभरानंतरच्या प्रत्येक धावेला रोख बक्षीस कबूल केलं होतं. खेळ संपवून कॉम्प्टन आला, तर हातात एक चिठ्ठी पडली : शेठजींना तातडीच्या कामासाठी कलकत्त्याला जावं लागलं!

कॉम्प्टन मोठा खेळाडू होता, त्याला पुढे हसून सांगायला एक गोष्ट मिळाली. कॉलेजच्या साध्या खेळाडूला अशी चिठ्ठी मिळाली तर तो काय करेल?

प्राचार्यांचं घर

मराठी माणसाला या विषयावर विसरता न येणारं उदाहरण म्हणजे खाशाबा जाधव. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचा हा मल्ल कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचा विद्यार्थी. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकला त्याचा खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी केला आणि तो सहावा आला. १९५२ च्या हेलसिंकीला जायला पैसे नव्हते. गावाने वर्गणी काढली, आणि राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी कांस्यपदक आणलं. स्वतंत्र भारताचं हे पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक.

ही गोष्ट ऐकताना आपले डोळे भरून येतात, आणि यावेतही. पण नियमनाच्या नजरेने पाहिलं तर ती घाबरवणारी आहे. एका देशाचं पदक एका मास्तरच्या घरावर तारण होतं! खर्डेकर सर नसते तर? ज्या कॉलेजला असे प्राचार्य मिळाले नाहीत, तिथले किती खाशाबा घरीच राहिले असतील? चांगल्या माणसावर चालणारी व्यवस्था ही व्यवस्था नव्हे, ते नशीब.

आज आपल्याकडे काय आहे?

अमेरिकेचा प्रश्न 'कमाई कशी वाटायची' हा आहे. आपला प्रश्न 'खर्च कुणी करायचा' हा आहे. आपल्या कॉलेजच्या सामन्यांना ना तिकीट असतं, ना टीव्हीचे पैसे. आंतरविद्यापीठ स्पर्धा भारतीय विद्यापीठ संघ घेतो. २०२० मध्ये भुवनेश्वरला खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धा सुरू झाल्या. खेलो इंडियात निवड झालेल्या खेळाडूवर वर्षाला ६ लाख २८ हजार रुपयांची तरतूद आहे. त्यातले १ लाख २० हजार, म्हणजे महिन्याला १० हजार, त्याच्या स्वतःच्या किरकोळ खर्चासाठी, आणि बाकीचे प्रशिक्षण, आहार, साहित्य, स्पर्धा वगैरेंसाठी. ही चांगली गोष्ट आहे. रक्कम ठरलेली आहे, नाव ठरलेलं आहे, विचारायचं कुणाला हेही ठरलेलं आहे.

पण ही निवड मोजक्यांची. बाकी हजारो मुलं-मुली कॉलेजच्या संघातून खेळतात ती स्पोर्ट्स कोट्यावर, फी-सवलतीवर, हजेरीच्या सुटीवर आणि 'बघू, करू काहीतरी' या वाक्यावर. देशभर लागू होईल असा एकच नियम या सवलतींना नाही. प्रत्येक कॉलेजची रीत वेगळी.

आमच्या गल्लीतल्या एका ताईला कबड्डीमुळे एका कॉलेजात फी-माफी आणि हॉस्टेल मिळालं होतं. दुसऱ्या वर्षी सरावात गुडघ्याचा लिगामेंट गेला. उपचाराचा खर्च घरच्यांनी केला, आणि पुढच्या वर्षी फीची पूर्ण पावती हातात आली. तिने विचारलं तर उत्तर मिळालं, "सवलत खेळाडूंना असते." त्यात कुणी खोटं बोललं नव्हतं, कारण कागदावर काही लिहिलेलंच नव्हतं. ताईने मग शिकवण्या घेऊन पदवी पूर्ण केली. कबड्डीचा विषय निघाला की आजही ती उठून आत जाते.

कागदाची ताकद

परदेशीपुरा हा मिलवाल्यांचा भाग. इथे कागदाची किंमत कुणाला समजावून सांगावी लागत नाही. हुकुमचंद मिल बंद होऊन तीस वर्षं उलटल्यावर, २५ डिसेंबर २०२३ रोजी, सुमारे ४,८०० कामगारांच्या थकबाकीचे २२४ कोटी रुपये मार्गी लागले. फार उशीर झाला, अनेक जण ते पाहायला राहिले नाहीत. पण इतकी वर्षं कोर्टात उभं राहता आलं, कारण त्यांचं नाव रजिस्टरमध्ये 'कामगार' म्हणून होतं. ताईचं नाव कुठल्या रजिस्टरमध्ये होतं?

कॉलेजच्या प्रत्येक खेळाडूला पगार सुरू करा, असं माझं म्हणणं नाही. तो पैसा आपल्या कॉलेजांकडे नाही, आणि तसं झालं तर क्रिकेटवाल्याला सगळं आणि खो-खोवाल्या मुलीला काहीच नाही, ही वाटणी आपल्याकडेही होईल. अमेरिकेच्या अनुभवातून एवढंच दिसतं, की नुसती कमाल मर्यादा घालून नियमन होत नाही. वरचं झाकण लावलं की पैसा बाजूने बाहेर पडतो. आपल्याला आधी किमान मर्यादा हवी, म्हणजे याच्या खाली कुणालाही जाऊ द्यायचं नाही अशी एक रेघ. त्यात मला चार गोष्टी दिसतात.

एक, जी सवलत द्यायची ती प्रवेशाच्या वेळीच लेखी द्यावी, किती वर्षांसाठी ते लिहून. दोन, कॉलेजसाठी खेळताना किंवा सराव करताना झालेल्या दुखापतीचा विमा कॉलेजने काढावा. तीन, दुखापत झाली म्हणून चालू असलेली सवलत पदवी पूर्ण होईपर्यंत काढून घेऊ नये. चार, मुलगा-मुलगी आणि खेळ कुठला यावरून या तीन गोष्टींत फरक करू नये. यातल्या विम्याला थोडे पैसे लागतील, बाकीच्यांना मुख्यतः कागद आणि इच्छा लागेल.

आपल्या मंडळातले बरेच जण खेळत नाहीत, हे मला माहीत आहे. पण आपल्याला अर्ज लिहिता येतो. नव्या वर्षाचे प्रवेश सुरू होतील तेव्हा तुमच्या ओळखीचा एखादा खेळाडू स्पोर्ट्स कोट्याचा फॉर्म भरत असेल. त्याच्या शेजारी बसा आणि ऑफिसला विचारायला लावा : सवलत किती, किती वर्षं, आणि मी पडलो तर काय? उत्तर मिळालं की त्यावर सही-शिक्का घ्या, आणि एक झेरॉक्स घरी ठेवा.