उभा पडदा, आडवा पडदा

छापील पानाची रुंदी मुद्रकाने एकदा ठरविली की ती वाचकाला बदलता येत नाही. मोबाईलवरील पानाचे तसे नाही. अर्धे वाचून होताच वाचक फोन आडवा करतो आणि ३९० मापांची रुंदी एकाएकी ८४४ होते. हे आकडे एका प्रचलित फोनचे. दुसऱ्याचे थोडे निराळे असतील. या बदलाला पान कसे तोंड देते, एवढाच आमचा विषय आहे.

फोनला आपण आडवे झालो हे कळते कसे? त्याच्या पोटात त्वरणमापक असतो. सिलिकॉनचा एक सूक्ष्म भार बारीक पट्ट्यांवर तोललेला असतो. पृथ्वी त्याला ज्या बाजूस ओढते ती बाजू खालची, असा त्याचा हिशेब. म्हणूनच फोन टेबलावर सपाट ठेवून फिरविला तर पान बहुधा वळत नाही. ओढ सारी पाठीकडे. मग डावे-उजवे ठरवायचे कशावरून?

२००७ साली आयफोन आला तेव्हा बहुतेक पाने टेबलावरील संगणकासाठी रचलेली होती. म्हणून त्यातला ब्राउझर पान ९८० मापे रुंद आहे असे धरून चाले व सारे आक्रसून दाखवी. पुढे पानाच्या माथ्यावर ‘व्ह्यूपोर्ट’ नावाची सूचना लिहून, पडद्याची असेल तीच रुंदी पानाची समज, असे ब्राउझरला सांगण्याची सोय झाली. तथापि फोन आडवा करताच पुष्कळदा मजकूर नव्याने न मांडला जाता नुसता फुगे आणि उजवीकडचा भाग पडद्याबाहेर जाई. यावर रचनाकारांनी काढलेला तोडगा आम्हांस मुळीच पसंत नाही. त्यांनी पान मोठे करण्यासच बंदी घातली! मजकूर फुगणे थांबले खरे. पण दोन बोटांनी अक्षर मोठे करून वाचणाऱ्या मंददृष्टी माणसाचा मार्गही त्याबरोबर बंद झाला. २०१६ साली आयओएस १० मधील सफारीने ही बंदी जुमानण्याचे सोडून दिले, ते योग्यच झाले.

आता उभे-आडवे ओळखण्याची रीत सीएसएसमध्येच आहे. तिचा नियम अगदी साधा: उंची रुंदीइतकी किंवा अधिक असेल तर पान उभे, नाहीतर आडवे. (बरोबर चौरस पडदा उभ्यातच मोडतो.) फोन हातात कसा धरला आहे याच्याशी या नियमाला कर्तव्य नाही. त्यामुळे अँड्रॉइडवर एक मौज होई. उभ्या फोनवर नाव लिहिण्यासाठी कळफलक उघडला की उरलेली जागा उंचीपेक्षा रुंद भरे आणि पान स्वतःला आडवे समजे. २०२२ साली क्रोमच्या १०८ व्या आवृत्तीपासून ही रीत बदलली. तरीही मांडणी शक्यतो रुंदीवरूनच ठरवावी, दिशेवरून नव्हे, असे आमचे मत आहे.

उंचीचा विसर तर सर्रास पडतो. आडव्या फोनवर ३९० मापांची उंची. त्यात वर चिकटलेली पट्टी, खाली चिकटलेली पट्टी आणि मध्ये कळफलक. लिहिण्याची चौकट दिसायची कुठे?

याहून वाईट म्हणजे काही पाने फोन वळताच स्वतःला पुन्हा नव्याने उघडून घेतात. ब्राउझर तसे करावयास सांगत नाही. ही रचनाकाराची आळशी युक्ती. प्रवेशाचा लांबलचक अर्ज भरणाऱ्या विद्यार्थ्याने रुंद कोष्टक वाचण्यासाठी फोन आडवा केला, की भरलेले सारे पुसले जाते. शेवटची तारीख तीच असली तर काय होते ते सांगावयास नको.

उरला प्रश्न दिशा बांधून टाकण्याचा. ‘कृपया फोन उभा धरा’ असे सांगून अडून बसणारी पाने आपण पाहतो. परंतु चाकाच्या खुर्चीला ज्याचा फोन वा टॅब्लेट घट्ट बसविलेला आहे, त्याने तो वळवावा कसा? २०१८ सालच्या वेब सुगम्यतेच्या २.१ मार्गदर्शक सूत्रांत यासाठी स्वतंत्र कलम आहे: एकाच दिशेची सक्ती करू नये. अपवाद आहे तो फक्त जेथे ती दिशा अत्यावश्यक आहे तेथे. उदाहरणार्थ, पियानो वाजविण्याचे पान किंवा बँकेचा धनादेश. अर्ज, वेळापत्रके आणि बातम्या त्यात येत नाहीत.