लोकलमधला दुसऱ्याचा ‘मी’

बोरिवली स्टार्ट स्लो लोकलला चर्चगेट गाठायला तासाभराहून थोडं अधिक लागतं. चौथ्या सीटवर जेमतेम टेकलेला एक जण, मांडीवर बॅग, बॅगेवर ग्रंथालयाचा पुठ्ठा घातलेली कादंबरी. कोपरं लागतायत, दारात भांडण पेटलंय, हा आपला वाचतोय. कसं काय जमतं?

वाचताना डोळा ओळीवरून सरकत नाही, उड्या मारतो. सेकंदाला साधारण तीन-चार. उडी चालू असताना जवळजवळ काहीच दिसत नाही. दिसतं ते मधल्या पाव सेकंदाच्या थांब्यांत. म्हणजे नजरही स्टेशनं घेत चाललेली असते, आणि तरी आपल्याला वाटतं, प्रवास सलग झाला!

खरी कमाल पुढे आहे. हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो’ घ्या. 1890 साली सुरू झालेल्या ‘करमणूक’ साप्ताहिकातून ती क्रमशः आली, म्हणजे तुकड्यातुकड्यांनी वाचण्यासाठीच. तिशीही न गाठलेल्या या लेखकाने निवेदन सोपवलं यमूकडे. आज जोगेश्वरीच्या आसपास, घामाने शर्ट चिकटलेला एखादा अकाउंटंट त्यातला ‘मी’ वाचतो, आणि तो ‘मी’ असतो केशवपनाच्या छायेत जगणारी एक बाई. घशात आवंढा येतो तो मात्र याच्या. अंधेरीला लोंढा आत घुसला की पुस्तक मिटतं. संध्याकाळी परतताना उघडलं की दोन ओळींत सगळा वाडा माणसांसकट पुन्हा हजर.

शब्द शरीरापर्यंत पोचतात, हे प्रयोगातही दिसलंय. 2006 साली स्पेनमधल्या संशोधकांनी लोकांना दालचिनीसारखे वासाचे शब्द नुसते वाचायला दिले, तर मेंदूतले गंधाशी संबंधित भाग जागे झाले. नाकाशी काहीही नसताना.

‘कादंबरीला वेळ कुठाय’ म्हणणाऱ्यांनी हिशेब करून पाहावा. जाताना वीस पानं, येताना वीस. चारशे पानांची कादंबरी दहा कामाच्या दिवसांत संपते. तेवढ्याच वेळात रील्सही होतात म्हणा, पण अकराव्या दिवशी त्यातलं एक तरी आठवेल का?

फक्त पुस्तक निवडताना गर्दीचा अंदाज घ्यावा. ‘मृत्युंजय’मध्ये कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण, कृष्ण असे सहा ‘मी’ भेटतात, पण ते प्रकरण जाडजूड. त्याला विंडो सीटच हवी. उभ्याने जायचं असेल तर ‘कोसला’ बरी, एका हातात मावते.