शिष्यवृत्ती नर्सिंगच्या कोणत्या कोर्सला?

बुलढाणा जिल्ह्यातल्या अनेक फौजी घरांत समज असतो, की पंतप्रधान शिष्यवृत्ती नर्सिंगच्या कोणत्याही कोर्सला मिळते. ही केंद्रीय सैनिक बोर्डाची योजना माजी सैनिकांच्या मुलामुलींसाठी आणि विधवा पत्नींसाठी आहे. मुलींना महिना ३,००० रुपये, मुलांना २,५००. मात्र ती बी.एस्सी. नर्सिंगसारख्या पदवीलाच लागू होते. एएनएम (सहायक परिचारिका) किंवा जीएनएम पदविकेला नाही. बुलढाणा-चिखली मार्गाचा एसटी पास मलकापूरच्या गाडीत चालत नाही, तसेच हे. गोंधळ स्वाभाविक आहे. या सगळ्याच कोर्सना आपण ‘नर्सिंग’ म्हणतो. बारावीला किमान ६० टक्केही लागतात. फी भरण्याआधी डिस्चार्ज बुक घेऊन बुलढाण्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जरूर विचारा.