कंप्युटरनं कोरलेलं पान

आपल्या डहाणू तालुक्यात, चिंचणी-वरोरकडं, डाय कोरणारा कारागीर कामाला बसलेला पाहिलाय का रे लेकरांनो? पोलादाच्या तुकड्यावर छिन्नी टेकवायची, वरून बेताचा ठोका घालायचा, आणि असं करत करत नखाएवढं पान कोरायचं, देठासकट, शिरांसकट. मग त्यावर सोन्याचा पातळ पत्रा दाबला की पान उठलंच म्हणून समजा. आता हे काम कंप्युटरही करतो, आणि तो इथवर कसा आला ती मोठी मौज आहे.

मुळात हा गडी हिशेबाचा. 1978 साली अमेरिकेत हार्वर्डच्या वर्गात डॅन ब्रिकलिन नावाचा विद्यार्थी बसला होता; मास्तर फळ्यावर आकड्यांचा तक्ता मांडत, एक आकडा बदलला की पुढचे सगळे पुसून पुन्हा लिहीत, तेव्हा पोराच्या मनात आलं, की फळ्यानंच हे आपलं आपण केलं तर? त्यातून पुढच्या वर्षी व्हिजिकॅल्क निघालं आणि कंप्युटर कचेऱ्यांत शिरला. मग 1981 साली आयबीएमचा पीसी आला. त्याची मेमरी सुरुवातीला अवघी 16 केबी, मोबाईलवरचा एक फोटोही मावायचा नाही. पण बाजारात मिळणाऱ्या सुट्या भागांतून जोडलेला, म्हणून तसाच दुसऱ्यांनाही बनवता आला आणि हळूहळू लहान कारखान्यालाही परवडू लागला.

खरी करामत त्याच्या पाठीमागं होती. तिथं प्रिंटरची वायर खोचायला पंचवीस भोकांचं सॉकेट असे, आणि त्यातल्या आठ तारांवर कंप्युटर एवढंच सांगे: वीज आहे, वीज नाही. हुशार माणसांनी तिथं प्रिंटर काढून, मधे ड्रायव्हर नावाचं सर्किट घालून, स्टेपर मोटर जोडली. ही मोटर भरभर फिरत नाही बरं. विजेच्या एका ठोक्याला 1.8 अंश वळते आणि थांबते, 200 ठोक्यांत एक फेरा. फेऱ्याला 5 मिलिमीटर सरकवणारा स्क्रू तिला लावा, म्हणजे एका ठोक्याला हत्यार सरकतं 0.025 मिलिमीटर, केसाच्या जाडीहून कमी! एक मोटर आडवी, एक उभी, एक खाली-वर, की पडद्यावरचं पान पोलादात उतरू लागतं. पानाची वळणदार कड म्हणजे खरं तर नुसता जिना, आडवा ठोका नि उभा ठोका, पण पायऱ्या इतक्या बारीक की बोट फिरवलं तरी गुळगुळीतच लागतं. आणि तेवढ्याशा पानासाठी यंत्र हजारो ठोके घालतं.